वृंदाताईंची बाग

आदरणीय अध्यक्ष भूपेशजी, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती वृंदाताई, आणि बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरहून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी हरिचंद्र. ताईंच्या बागेचा माळी. एकेचाळीस वर्षं झाली. माळ्याला माईक देणं म्हणजे आपल्या सहनशीलतेची परीक्षाच, तरी ताईंचा हुकूम आहे. त्यांचा हुकूम आजवर कुणी मोडलाय?

वडिलांचा अंबरनाथचा कारखाना आणि बदलापूरची एकवीस एकर बाग, दोन्ही ताईंच्या वाट्याला आलं. कारखाना त्यांनी विकला, बाग ठेवली. भाच्यांनी बिल्डर आणले, ताईंनी चहा पाजून परत पाठवले. गेल्या महिन्यात बाग गावासाठी ट्रस्टच्या नावावर केली. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून उद्या त्या बंगळूरला भाचीकडे निघाल्यात.

एक गोष्ट सांगू का? समोर पुतळाबाई बसल्यात, त्यांची परवानगी गृहीत धरतो. बागेशेजारच्या मांजर्लीच्या पुतळाबाईंच्या शेळ्या कुंपणातून शिरायच्या आणि ताई भांडायच्या. हा वाद नऊ वर्षं चालला, बोलणंसुद्धा बंद होतं. मग एकोणीस सालचा पूर आला. मांजर्ली पाण्यात, आणि आमची बाग तेवढी उंचावर. सकाळी गेटबाहेर दीडशे माणसं आणि पुतळाबाईंच्या सहा म्हशी. पुतळाबाई मागे उभ्या होत्या. मागायची लाज वाटत असावी.

आत ताईंचे तीनशे गुलाब होते. मी म्हणालो, "ताई, म्हशी गुलाबांत शिरतील."

ताई म्हणाल्या, "मला दिसतंय. उघड."

चार दिवस माणसं बागेतल्या बंगल्यात राहिली, जनावरं बागेत. पाणी ओसरलं तेव्हा एकही गुलाब उभा नव्हता. ताई त्या चिखलात खुर्ची टाकून बसल्या आणि मला गेलेल्या गुलाबांची नावं विचारली. मी एकेक सांगत गेलो, त्या मान हलवत राहिल्या. मला वाटतं, त्या दिवशी त्या रडल्या असत्या, पण मी समोर होतो.

नवे गुलाब आणू का, विचारलं. नको म्हणाल्या. अंबरनाथच्या जुन्या बंगल्यातला आईचा कवठी चाफा बंगला विकला तेव्हाच गेला होता. त्याच्या बियांचं एक रोप ताईंनी कुंडीत जपलेलं होतं. ते गुलाबांच्या जागी लावलं. मी म्हणालो, नर्सरीतलं कलम लावू, तीन वर्षांत फूल दिसेल, बियांच्या झाडाला पंधरा वर्षंही लागतात. पण त्यांना आईच्याच झाडाचा वास हवा होता. तेव्हा त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. अजून त्या झाडाला एक कळी नाही. रोज सकाळी काठी टेकत त्या तिथं जातात, पानं उलटून बघतात.

काल त्यांनी मला चाफ्यापाशी बोलावलं. म्हणाल्या, "हरिचंद्र, फूल आलं तर मला कळवू नकोस. यायला जमणार नाही, आणि नुसतं ऐकून स्वस्थ बसवणार नाही."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आयोजकांचे, पुतळाबाईंचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. आणि ताई, एका पुढच्या चुकीची माफी आजच मागून ठेवतो. पहिलं फूल उमललं की मी फोन करणार आहे.