वहीत जमा, पेटीत नाई

माहा बाप काटोलकडचा. गावात काम नाई म्हून नागपूरले आला, मिलमधी लागला, अन् मोठा झाल्यावर मीबी तेच्याच मागं मिलमधी लागलो. वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तवा मी धा वर्साचा. बाप म्हने, आता देवळाच्या पायरीवर जाचं काम नाई, पन मानसाले चार घटका बसाले जागा तं पायजे ना गा. म्हून वस्तीनं मंडळ काढलं. कबड्डीचं मैदान, एक खोली, कॅरम, रेडिओ, सकाळी पेपर. काय सांगू तुमाले, आठ घंटे मिलच्या खडखडाटात बहिरा झालेला मानूस तिथं येऊन हसे. मंडळाचं काम एवढंच होतं, पन त्याहून मोठं काम मी कुठी पाह्यलं नाई.

अक्षर चांगलं म्हून मले खजिनदार केलं. पगाराच्या दिवशी मिलच्या गेटवर वर्गनीचा डबा घेऊन उभा राहो. वर्सातून एकदा सभा होये, तवा सगळ्याइची नावं मोठ्यानं वाचाची, फलाना, वर्गनी जमा. नाव आलं का मानूस ताठ बसे, मागं बायका बसल्या राहत, त्याबी ऐकत. ज्याचं नाव नाई आलं तो मंग महिना महिना मैदानाकडं फिरकत नसे. असा आमचा रिवाज.

मंग मिल कधी चालू, कधी बंद. पगार अर्धा, कधी तोबी नाई. वामन म्हून आमचा कबड्डीचा पक्का गडी होता, तो सभेच्या आधी घरी आला, खाली मान घालून म्हने, औंदा माह्याजवळ काही नाई गा. मले पाहवलं नाई. म्हनलं, नाव वाचतो, मंग देजो, पन कोनाले सांगू नको. तेच्या नावावर जमा लिहलं. मंग दुसरा आला, तिसरा आला. ज्याले त्याले वाटे का आपल्या एकट्याचंच झाकलं हाये. झाकली मूठ सव्वा लाखाची. माही बायको शांता म्हने, लोकाइची अब्रू झाकून राहिले तुमी, तुमची कोन झाकीन? मी तिच्यावरच खेकसलो. मले वाटे, मिल चालू होईन, सारे आनून देतीन.

मिल काही धड चालू झाली नाई. जागेचं भाडं थकलं, तवा सरकारी कचेरीत मदतीसाठी अर्ज केला. साहेबानं वही पाह्यली अन् म्हने, तुमचं मंडळ तं मजेत हाये, एवढी शिल्लक असताना मदत काहून पायजे? मंडळाच्या पेटीत तं काहीच नाई, मी तेले काय दाखवतो?

साहेबाची गोष्ट वस्तीत पसरली, सभा बसली. वामनच उभा झाला. म्हने, लोकाइचे पैसे कुठी गेले, सांग. तेले खरंच वाटत होतं का बाकीच्याइनं भरले. एक शब्द बोललो असतो तं सुटलो असतो, पन तेची बायको मागं बसली होती, सगळ्याइच्याच बसल्या होत्या. म्हनलं, माह्याकडून खर्च झाले. कोनी वर पाहेना.

खोलीले कुलूप लागलं, आता तिथं नळाचे पाइप ठेवतेत. मिलमधून निघालो तवापासून मी रिक्षा चालवतो. पोरीची सोयरीक जुळत आली होती, तिकडल्याइनं वस्तीत विचारपूस केली अन् मोडली. मिल गेली, मंडळ गेलं, आता काही होनार नाई भाऊ, मी तं वाटबी पाहत नाई.

तुमी लिहून राहिले तं लिहा. माह्यं नाव टाका, ते तं खराबच हाये. वामनाचं खरं नाव मी तुमाले सांगतलंच नाई, सांगनारबी नाई. जिता हाये तो, नातवंडं हायेत तेले. सुखात राहो.