डावीकडचा पडदा

झाहिर : ...म्हणून म्हणतो, आधी नीट मागे टेकून बस. स्टिअरिंग टेबलाला घट्ट आवळलंय, हिसडा दिलास तरी निघायचं नाही. पायाखाली ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. समोर हे तीन पडदे. मधला म्हणजे पुढची काच, डावा म्हणजे डावीकडची खिडकी, उजवा म्हणजे उजवीकडची. कसं आहे खल्फान, एकाच पडद्यावर गाडी चालवणं म्हणजे डोक्यावर पोतं घालून—

खल्फान : अरे, श्वास घे! तुझ्या तोंडाला ब्रेक नाहीत का रे? शाळेच्या बाकावर बसलो तेव्हापासून ऐकतोय.

मुंधिर : बोलू द्या त्याला, दाजी. चार महिने बायकोचं शिवणाचं टेबल अडवून बसलाय. घरात कोण बोलणार त्याच्याशी?

झाहिर : टेबल परत देणार आहे मी. आणि ही विकतची वाळू नाही बरं का! आपली आहे, बिदिया गावामागची. आपण काढलेले झाडून सगळे फोटो कॉम्प्युटरला खायला घातले. आपलं घाफचं झाडसुद्धा आहे. आपण सावलीला बसतो ते.

खल्फान : वल्लाह, येडा आहेस. उद्या शुक्रवार, सकाळी खरी वाळू दाराशी, आणि आज हा मला खुर्चीत बसवून वाळूत नेतोय.

मुंधिर : मला तर हेच बरं वाटतं. उद्या बायको आणि पोरी पहिल्यांदाच येतायत. आठवडाभर घरात एकच चाललंय, आतोबा पुढे, आपण मागे. आतोबा पुढे, आपण मागे.

खल्फान : मग बरोबरच बोलतात पोरी. मी पुढे, मधे तुझं बिऱ्हाड, शेवटी झाहिर. माझ्या चाकोरीवरून यायचं, उतारावर ब्रेक दाबायचा नाही, गाडी तिरकी घालायची नाही. टेकडीपलीकडे काय आहे ते आधी मी बघणार, मग तू चढायचं. घाबरतोस कशाला?

मुंधिर : तुम्ही पुढे असताना कोण घाबरतंय! मी माझ्या स्वतःच्या अंगणात रुततो, ते वेगळं.

झाहिर : चल, सुरू करू? हे कानाला लाव. आवाज असा येतो ना, इंजिन मांडीवर घेऊन बसल्यासारखं वाटतं.

खल्फान : थांब, थांब. वाळू लागली की आधी...

मुंधिर : दाजी! उठलात कुठे?

खल्फान : हवा सोडायला. चाकांतली हवा कमी केल्याशिवाय मी वाळूत... अरेच्चा.

मुंधिर : खुर्चीला चाकं आहेत दाजी, पण हवा नाही त्यांत! हसून हसून मरेन मी. ताईला सांगितलंच पाहिजे हे.

खल्फान : हसा लेको. सवय आहे ही. सवय नसती तर आजवर दहा वेळा रुतलो असतो.

झाहिर : पण मला माहीत होतं! म्हणूनच बटण ठेवलंय. हे बघ, हे दाब. चारी चाकांची हवा सुटते, एकेक करून. ऐक नुसतं.

खल्फान : हं... हं... अरे, ही तर माझीच गाडी आहे!

झाहिर : काय सांगतोस! कसं कळलं?

खल्फान : मागचं डावं चाक. सुटताना जरा शीळ घालतं. त्याची पिन वाकडी आहे. चोरा, माझ्या गाडीची हवा कधी चोरलीस?

झाहिर : मागच्या हिवाळ्यात. तू कहवा ओतत होतास, तेव्हा मोबाइल धरला होता चाकापाशी. माशाअल्ला, काय कान आहेत!

खल्फान : आता बाजूला व्हा. निघालो मी. आणि आरडाओरडा करू नका, मला काही ऐकू येत नाही.

(खल्फानच्या कानांवर मोठे हेडफोन आहेत. मुंधिर आणि झाहिर त्याच्या मागे, खजुराच्या ताटाशी.)

मुंधिर : बघ दाजी कसे वाकलेत पुढे. अगदी खऱ्यासारखे. ते ताट सरकव रे इकडे... आयला! पायात काय अडकलं?

झाहिर : वायर! मुंधिर, पाय उचल. डावा पडदा गेला बघ. काळाठिक्कर. आता ओरडेल आपल्यावर.

मुंधिर : ओरडत तर नाहीयेत.

खल्फान : वा झाहिर, वा! कमाल केलीस! तिकडे वाळू, इकडे वाळू, मधे मी! तिन्ही पडदे झकास!

झाहिर : ...तिन्ही?

मुंधिर : चेष्टा करतायत आपली.

झाहिर : खल्फानला चेष्टा करायची असती तर आधी आपल्याला शिवी घातली असती.

मुंधिर : मग लक्ष नसेल. लाव ती वायर परत.

झाहिर : लावली. बघ, आला पडदा. एवढा मोठा उजेड पडला त्याच्या डाव्या गालावर. मान हलली का त्याची?

मुंधिर : नाही.

झाहिर : मी एक उंट ठेवलाय. बटण दाबलं की डावीकडून येतो, हळूहळू. गंमत म्हणून केला होता. सोडू?

मुंधिर : सोड.

झाहिर : बघ, आला. आख्खा पडदा चालून येतोय. आंधळ्यालाही दिसेल असा... अल्ला. मला असं म्हणायचं नव्हतं.

खल्फान : अरे अरे अरे! हा उंट कुठून पडला? आभाळातून? झाहिर, तुझ्या कॉम्प्युटरला अक्कल नाही! उंट असा अचानक येतो का कधी?

मुंधिर : पुन्हा सोड.

झाहिर : नको रे.

मुंधिर : पुन्हा सोड, झाहिर. उद्या माझ्या पोरी त्यांच्या मागे आहेत.

खल्फान : पुन्हा! हाड्! ही काय वाळू आहे का उंटांचा बाजार? काढा हे कानावरचं. नुसता पोरखेळ. काय झालं? असे का उभे आहात? कोणी गेलं का?

झाहिर : खल्फान, मघाशी तुझा डावा पडदा बंद होता.

खल्फान : कधी?

झाहिर : तू तिन्ही पडदे झकास म्हणालास ना, तेव्हा.

खल्फान : हां हां, ते... ते बघितलं मी. म्हटलं, तुम्हाला वाईट कशाला वाटू द्यायचं. एवढे चार महिने खपलास.

मुंधिर : दाजी, मी आता तुमच्या डाव्या हाताला उभा आहे. माझ्या हातात काय आहे? मान वळवायची नाही.

खल्फान : काय असणार? कहव्याचा कप.

मुंधिर : काही नाही माझ्या हातात. आणि मी मघापासून हात हलवतोय.

झाहिर : खल्फान, अरे बोल की काहीतरी. शिवी तरी दे.

खल्फान : काचबिंदू म्हणतात. मस्कतला जाऊन आलो.

मुंधिर : कधी?

खल्फान : उन्हाळा संपला तेव्हा. शैखाला सांगितलं, गाडीचे सुटे भाग आणायला जातोय.

मुंधिर : म्हणजे ताईला पत्ता नाही!

खल्फान : थेंब दिलेत डोळ्यांत घालायला. फ्रीजमध्ये ठेवायचे असतात. तिला म्हटलं, कानाचे आहेत. आता ती बिचारी माझ्याशी मोठ्यांदा बोलते.

झाहिर : हसू का रडू रे मी?

मुंधिर : डॉक्टर काय म्हणाले?

खल्फान : बाजूचं गेलं ते गेलं. ते काही परत येत नाही. डावीकडचं जवळजवळ सगळंच, उजवीकडचं थोडं. समोरचं आहे ते थेंबांनी टिकवायचं.

मुंधिर : आणि गाडी?

खल्फान : डॉक्टरला काय कळतं गाडीतलं! शहरातला माणूस.

मुंधिर : गाडीचं काय म्हणाले, दाजी?

खल्फान : बंद म्हणाले. ऐकलंस? बंद. आणि आता माझ्यावर डोळे वटारू नकोस. वटारलेस तरी तिकडून मला दिसणार नाहीत.

झाहिर : थांब. एक मिनिट. मागच्या महिन्यात त्या मोठ्या टेकडीवर मी तुझ्या डावीकडून वर आलो आणि आपल्या गाड्या घासता घासता वाचल्या. तू खाली उतरून मला केवढा झापलास! मी तुझी माफी मागितली. घरी हलवा घेऊन आलो होतो.

खल्फान : हो.

झाहिर : माझी चूक नव्हती?

खल्फान : नव्हती. तू गाडीवर उंच झेंडा लावून, हॉर्न मारत, सरळ रेषेत आलास. मला दिसलाच नाहीस.

झाहिर : आणि हलवा खाल्लास!

खल्फान : चांगला होता.

झाहिर : मी पंधरा दिवस धड झोपलो नाही, खल्फान. वाटलं, आपल्याला गाडी येत नाही. विकायला निघालो होतो.

खल्फान : माहीत आहे. रोज सांगायला यायचो तुला. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी येऊन परत फिरायचो. लाज वाटायची रे.

मुंधिर : माझ्या बायकोला, पोरींना घेऊन मी तुमच्या मागे येणार होतो. आणि तुम्ही मघाशी म्हणालात, पलीकडचं आधी मी बघणार.

खल्फान : उद्या एकदाच, मुंधिर. पोरींना कबूल केलंय. मला ती वाळू तळहातासारखी माहीत आहे. हळू नेतो. एकदाच पुढे होतो, मग किल्ली तुझ्या हातात. तुझ्या बहिणीची शपथ.

मुंधिर : नाही.

खल्फान : वयाने मोठा आहे मी तुझ्यापेक्षा.

मुंधिर : पायाला हात लावतो हवं तर. तरीही नाही. वाळू माहीत असेल तुम्हाला, पण डावीकडून कोण येतंय ते वाळू सांगत नाही. आजसुद्धा तुम्ही इथपर्यंत गाडी चालवत आलात! रस्त्यात शाळा सुटली होती, दाजी.

खल्फान : ...हळू आलो.

मुंधिर : जाताना मी सोडतो.

खल्फान : सोड. नेऊन घाल घरात. मी म्हणजे काय राहिलो आता? बाजारात गेलो तर लोक म्हणतात, वाळूवाला खल्फान आला. मस्कतहून पाहुणे आले तर माझं दार विचारत येतात. उद्यापासून काय म्हणतील? तो बघा, बायकोने हाताला धरून आणलाय.

झाहिर : असं नाही रे. तू रोज इथे ये. संध्याकाळी बसू, कहवा पिऊ, तू इथे चालव. मी उंट काढून टाकतो. डावीकडचं सगळंच काढून टाकतो.

खल्फान : टेबलाला बांधलेली गाडी! लहान पोराला खुळखुळा द्यावा तशी! ठेव तुझ्यापाशी.

झाहिर : चुकलो. मी आपलं... मला सुचत नाही काही, की मी बडबडत सुटतो.

मुंधिर : उद्याचं रद्द करू. घरी सांगतो, हवा खराब आहे.

खल्फान : खबरदार! आतोबांनी कबूल केलं आणि ऐनवेळी पाठ फिरवली, असं ऐकायचंय मला? पोरी जाणार. घाफच्या झाडापर्यंत जाणार. त्याच्या पुढे नाही. मोठ्या टेकड्यांचं नावही काढायचं नाही.

मुंधिर : आणि पुढे कोण?

खल्फान : हा बडबड्या.

झाहिर : मी? नाही बाबा! मी कायम शेवटी असतो. शेवटच्याचं काम येतं मला. मागे कोणी राहिलं का बघायचं, रुतलेल्याला ओढायचं.

खल्फान : हो, आणि शेवटच्यालाच सगळ्यांचे माग दिसतात. कोण कुठे चुकलं ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. त्या दिवशीही तू बरोबर होतास. माझी गाडी तू चालव. ती वाळू ओळखते, तू फार शहाणपणा केला नाहीस तर.

झाहिर : मी पुढे असेन तर तू शेजारी हवास.

खल्फान : मी घरी थांबतो.

मुंधिर : बरं, हवेचं काय करायचं? झाहिरकडे हवेचा मीटर आहे म्हणा. तो लावून सोडू.

खल्फान : मीटर! झाहिरचा मीटर? तो घरातल्या घरात दोन वेळा दोन आकडे दाखवतो! त्या मीटरवर पोरींना वाळूत नेणार? शेण खा! गाड्या रस्ता संपतो तिथे ओळीने उभ्या करायच्या. एकानेही चाकाला हात लावायचा नाही. तुझी नवी गाडी जड आहे, तिची जास्त सोडावी लागणार. मी सोडणार. त्याला कान लागतात, डोळे नाही.

मुंधिर : म्हणजे येताय तुम्ही.

खल्फान : हवा सोडायला येतोय.

मुंधिर : आणि आज ताईला सांगताय. मी दाराबाहेर उभा राहतो हवं तर.

खल्फान : आत ये. बाहेर कशाला? माझ्या डावीकडे बसू नकोस म्हणजे झालं. तिथून तू खुणा करशील आणि मार मी खाईन.

झाहिर : आणि हवा सोडून झाली की तू गाडीत बसायचंस. माझ्या शेजारी. घाफपर्यंत. नाहीतर मी निघतच नाही, तिथेच बसून कॉम्प्युटरविषयी बोलत राहीन.

खल्फान : आयुष्यभर डावीकडे स्टिअरिंगवर बसलो, त्या उजवीकडच्या सीटवर कधी बसलो नाही रे मी. तिकडे शैखा बसते. नाहीतर पाण्याचा डबा.

झाहिर : पण बघ ना, तिथे बसलास की तुझ्या डावीकडे मीच असेन. तुला जिथलं दिसत नाही तिथेच.

खल्फान : हं. तूच असशील, नाही का?

झाहिर : मी गप्प बसेन हवं तर. वचन. घाफपर्यंत एक शब्द बोलणार नाही.

खल्फान : नको. उद्या बोलत राहा, झाहिर. गप्प बसलास तर तू तिथे आहेस, हे मला कसं कळायचं?