चप्पल काढून गॅरेजात

चाकणला निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये साबियाने डोळे मिटले खरे, पण मागच्या सीटवरच्या मोईज आणि समर्थला कुठली शांतता!

"मोईज, अब्बांची जुनी टर्बो गाडी सुरू झाली का रे?"

"आधी गॅरेज तर नीट होऊ दे, भावा. पांढरीशुभ्र फरशी बसवलीय. चप्पल काढल्याशिवाय कुणाला आत घेत नाही."

"आणि गाडी?"

"ती बाहेर रस्त्यावर. टर्बोतून ऑइल गळतं राव, फरशीचं वाटोळं होईल!"

"अरे, ईदला अब्बांना तिच्यातून फिरवणार होतास ना?"

"म्हणून तर आता गॅरेजच्या छताचं काम काढलंय."

"अब्बा काही बोलत नाहीत?"

"ते कशाला बोलतील? रोज संध्याकाळी गाडीतच जाऊन बसतात. म्हणतात, इथं चप्पल काढावी लागत नाही."