घ्या, करा, पुढे द्या, आणि थांबा

…आळशी! माझ्या प्रोग्रामला आळशी म्हणाले हो! मला म्हणा एक वेळ, मी जावई आहे, मला सवय आहे, पण प्रोग्रामला? चष्मा वर केला, चष्मा खाली केला, स्क्रीनला नाक लावलं आणि म्हणाले, "जावईबापू, हा तर काहीच करत नाही. नुसता बसून आहे." म्हटलं, "दादासाहेब, तो बसलेला नाही, तो थांबलाय. पुढचा मजकूर आला की करेल." तर म्हणतात कसे, "थांबायला कॉम्प्युटर कशाला पाहिजे? थांबायला आपल्या ग्वाल्हेरात माणसं कमी आहेत का?"

आता यावर काय बोलायचं, सांगा!

दादासाहेब म्हणजे माझे सासरे, मानसिंगराव. सगळं लश्कर, म्हणजे ग्वाल्हेरातला त्यांचा तो जुना भाग, त्यांना दादासाहेब म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. त्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली, म्हणून अमृतमहोत्सव, फूलबागेजवळ हॉल घेतलेला, आणि त्या दिवशी एक पुस्तक निघणार. नातेवाइकांनी दादासाहेबांबद्दल दोन शब्द लिहायचे आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकायचे. आणि नातेवाईक कुठले? देवास, इंदूर, झाशी, बडोदा… कुणी मराठीत लिहितंय, कुणी हिंदीत, कुणी इंग्रजी अक्षरांत मराठी, कुणी वाक्य 'आमचे दादासाहेब' असं सुरू करून 'बहुत बडे दिलवाले हैं' असं संपवतंय, आणि प्रत्येकाच्या शेवटी फुलं, केक, जोडलेले हात! हे निवडून, पुसून, नीट लावून पुस्तक करायचं कुणी? सोनिका, म्हणजे आमची ही, म्हणाली, "अहो, तुम कर दो ना, तुमचं तर हेच काम आहे."

आणि मी मूर्ख, खूश झालो! का झालो? कारण लग्न झाल्यापासून या गृहस्थांना वाटतं की मी टायपिंग करतो. मी हरिशंकरपुरमच्या घरात बसून पुण्याच्या कंपनीसाठी प्रोग्राम लिहितो, अख्खी बँक चालते हो त्यावर, आणि हे चारचौघांत ओळख करून देतात, "हे आमचे शंतनुराव. टायपिंग फार छान करतात." म्हटलं, आता दाखवतोच. पुस्तक हातात पडलं की म्हणतील, वा जावईबापू, हे काम होय तुमचं! एवढंच ऐकायचं होतं मला. एकदाच.

म्हणून बसलो आणि पाइपलाइन बांधली. कोरूटीनची! अहो, उठू नका, बसा, सोपं आहे. साधं फंक्शन कसं असतं? काम सांगितलं, केलं, निघून गेलं, परत बोलावलं तर ओळखसुद्धा दाखवत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू. कोरूटीन तसा नाही. तो काम करता करता मधेच थांबतो, पण उठून जात नाही. कुठवर आलो होतो ते लक्षात ठेवतो, आणि पुढचा मजकूर दिला की तिथूनच पुढे. असे ओळीनं लावले मी. पहिला फुलं नि केक काढणार, दुसरा इंग्रजी अक्षरांचं देवनागरी करणार, तिसरा एकसारखे मजकूर गाळणार… अहो, 'आपण आमचे वटवृक्ष आहात' हे निम्म्या घराण्यानं पाठवलं, फक्त खाली नाव बदलून! आणि शेवटचा सगळं जमवून पानं लावणार. पंगतीत वाढपी उभे असतात ना, या हातातून त्या हातात भांडं सरकतं, तसं. घ्या, करा, पुढे द्या, आणि थांबा. एवढंच आहे हो त्यात!

फक्त एक आहे. कोरूटीन मानी असतात. फार मानी! कामाला लावायच्या आधी प्रत्येकाला एक रिकामी हाक मारावी लागते. रिकामी म्हणजे रिकामी, हातात काही द्यायचं नाही, नुसतं 'या, बसा'. ती हाक विसरलात आणि एकदम मजकूर दिलात, की एरर! फेकून मारतो तोंडावर! आणि एकाला हाक मारली म्हणून बाकीच्यांनी समजून घ्यावं, ते नाही चालत. प्रत्येकाला वेगळी. मी म्हटलं, हे बनवलं कुणी? माझ्या सासरच्यांनी तर नाही ना?

आणि तो शेवटचा, पुस्तकवाला! त्याला 'झालं, आता कुणी यायचं नाही' असं सांगेपर्यंत तो एक पान बाहेर देत नाही. कसा देणार? आणखी कुणाचा मजकूर आला तर पानं पुन्हा लावायची का? बरोबरच आहे त्याचं. म्हणून गेलो दादासाहेबांकडे. "करू का बंद?"

"बंद? घरात शुभकार्य आणि तुम्ही बंद म्हणता?"

"बरं, पूर्ण करू का?"

"आणि कुणी राहिलं तर? माणूस दारात यावा आणि आपण दार लावावं, असं आमच्या घराण्यात झालेलं नाही. राहू द्या सुरू."

राहू द्या सुरू! तिकडे प्रेसवाला ओरडतोय, "भाईसाहब, फाइल कब दोगे? प्रोग्राम निपटने के बाद छापूँ क्या?" इकडे माझी पाइपलाइन हात पुसून उभी. घ्या, करा, पुढे द्या, आणि थांबा… पण किती थांबा? आणि दादासाहेब रोज संध्याकाळी हजर, स्टूल ओढून माझ्या शेजारी. "कुणाचं आलं?" म्हटलं, झाशीच्या आत्याबाईंचं. "अजून?" देवासच्या मामांचं. "अजून?" अजून नाही. मग उठायचं नाही, बघत बसायचं त्या स्क्रीनकडे. मला वाटलं, गृहस्थांना गोडी लागली! मी समजावून सांगायला लागलो, तर काय, 'हा काहीच करत नाही.'

शेवटी सोनिकापाशी भडकलो. म्हटलं, तुझ्या वडिलांना पुस्तक पाहिजे का नाही? तर ती भांडी आवरता आवरता म्हणते, "पप्पा मल्हारकाकांची राह बघताहेत. तुम्हें इतना भी नहीं पता?"

कसं पता असणार? मला कोण सांगतं? मल्हारराव म्हणजे दादासाहेबांचे सख्खे धाकटे भाऊ, राहायला सिटी सेंटरच्या मागे, आणि दोघांत बोलणं बंद. कधीपासून? माझ्या लग्नापासून! व्याहीभेट होती. दोन्हीकडच्या माणसांना नावं पुकारून गळाभेट, मामाला मामा, काकाला काका. आता माझ्या वडिलांना भाऊच नाही. आमच्याकडून काका नाही, म्हणून पुकारणाऱ्यानं काकांची जोडीच सोडून दिली. आणि मल्हारराव फेटा बांधून, हार हातात घेऊन, खांबापाशी उभे… आता पुकारतील, मग पुकारतील. मामा झाले, आत्याचे यजमान झाले, फोटो झाले. कुणी पुकारलंच नाही. हार खुर्चीवर ठेवला आणि न जेवता घरी गेले. दादासाहेब म्हणाले, "घरच्या माणसाला काय पुकारायचं?" मल्हारराव म्हणाले, "घरच्याला हाक लागत नाही का?" संपलं! एका गावात राहून दोन म्हातारे इतकी वर्षं गप्प, आणि मी त्या लग्नात जिलेबी खात होतो हो!

काढली स्कूटर. मल्हाररावांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हटलं, "काका, ग्रुपवर सगळ्यांनी लिहिलं, तुमचंच राहिलं."

"ग्रुप पे डाल दिया, हो गया बुलावा? मला पुकारलं कुणी?"

आणि तुम्हाला सांगतो, दारातच उभा राहिलो मी. निर्जीव फंक्शनला हाक मारली, एकेकाला, नाव घेऊन, आणि या जित्याजागत्या माणसाला एकदम मजकूर मागायला गेलो! म्हटलं, "काका, लिहायचं काही नाही. काम काही नाही. दादासाहेब रोज संध्याकाळी तुमची वाट बघतात, म्हणून नुसतं या." मग गळ्याभोवती मफलर गुंडाळत म्हणाले, "कार आणलीय का हेच फटफटं?"

नेऊन उभं केलं लश्करात. दादासाहेब दारात. मला वाटलं, आता रडतील, मिठ्या मारतील, निदान दोन वाक्यं तरी! छे!

"आलास?"

"हो."

"जेवलास?"

"नाही."

आणि बसले की दोघं जेवायला! माझ्या लग्नातलं ते राहिलेलं जेवण, ते त्या दिवशी झालं. एकानं बोलायचं, थांबायचं, दुसऱ्यानं तिथूनच पुढे उचलायचं. इतक्या वर्षांपूर्वी कुठवर आलो होतो ते दोघांच्या बरोबर लक्षात! मी बाजूला उभा. डोळे भरून आले, पण संधी कशी सोडू? म्हटलं, "दादासाहेब, आता करू बंद?"

"काय?"

"पुस्तक."

"पुस्तक कशाला आता? तो आलाय ना."

"अहो, पण काकांचे दोन शब्द?"

मल्हारराव वरण भुरकत म्हणाले, "समोर बसलोय, लिहू कुणाला?"

आणि दादासाहेबांनी तिथल्या तिथे प्रेसवाल्याला फोन लावला, "रहने दो भैया." रहने दो! माझी पाइपलाइन, माझे कोरूटीन, माझं ते एकच वाक्य… रहने दो!

काल झाला कार्यक्रम. दोघे भाऊ शेजारी शेजारी. आणि मधेच दादासाहेबांनी माईक घेतला आणि मला पुकारलं. नाव घेऊन! "आमच्या शंतनुरावांनी माझ्यासाठी फार मोठं काम केलं." म्हटलं, आलं! आता कोरूटीन येणार! "स्वतः स्कूटर चालवत गेले आणि माझ्या भावाला मागे बसवून घेऊन आले. आणि चालवतात काय! रस्त्यात एवढे खड्डे, मल्हारचा मफलर हलला नाही."

टाळ्या! सोनिका डोळे पुसतेय, मल्हारराव मान डोलावताहेत, आणि माझ्या अंगावर शाल. ड्रायव्हिंगबद्दल! काय करणार? घेतली मुकाट्यानं, गुंडाळली गळ्यापर्यंत. जानेवारी महिना, ग्वाल्हेरचा हॉल… माणसानं थंडी बघायची का अपमान?