खेचराने सोडलेली सरकारी वाट

बसच्या रांगेत माझ्यापुढे म्हातारा खेचरवाला एलियेसर आणि एदेल्मिराबाई होत्या. बाईंची खानावळ कधीच बंद पडलीय.

"जुन्या खेचरवाटेवर सरकारने पर्यटकांसाठी एवढा पैसा ओतला, पाट्या लावल्या, आणि माझी खानावळच वगळली!"

"उद्घाटनाला मंत्री माझ्याच खेचरावर होते, बाई."

"आणि ते खेचर पाट्यांची वाट सोडून थेट माझ्या दारात! मागे अख्खा बँड!"

"सवय आहे त्याला."

"कसली सवय? खानावळ बंद झाली तेव्हा ते जन्मलंही नव्हतं."

"दर रविवारी नेतो ना मी."

"बंद दाराशी? कशाला?"

"तुमच्या हातचं गुळाचं गरम पाणी आठवतं."

"मागच्या खोलीतच असते मी. दार वाजवायला काय झालं होतं?"

"धीर होईना."

"या रविवारी वाजव. पाणी उकळून ठेवते. मंत्र्याला आणू नकोस."