सुमनची रजा आणि मुंबईचा कॉम्प्युटर

अकोल्यात कॉम्प्युटर कुणी पाहिला नव्हता, तेव्हा आमची सुमन मुंबईत त्यावरच नोकरी करायची बरं का! दिवाळीला घरी आली, तर दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानात तिच्या साहेबांचा ट्रंककॉल. "नवा प्रोग्राम घातला, तरी मशीन जुनाच चालवतंय. आजच निघा!"

सुमन म्हणाली, "त्याच्या डोक्यात जुनाच बसलाय. मशीन बंद करून पुन्हा सुरू करा, नवा वाचेल."

दुकानात बसलेल्या दलाल गुलाबभाऊंनी विचारलं, "म्हंजे काय?" सुमन हसली, "काका, कापसाच्या भावाची नवी तार आली तरी तुमी सकाळचाच भाव सांगून राह्यता, तसंच हाय ते."

"मंग मलेही बंद करतं काय, पोरी?"

तासाभरानं पुन्हा फोन. "चाललं! रजा पूर्ण करा."

रिसीव्हर मीच घेतला. "साहेब, आणखी काही अडलं तर खुशाल विचारा. पोरगी दिवाळीभर इथंच आहे."