पत्रिकेची तिसरी फाईल

औशाहून लातूरला निघालेल्या एसटीत पारूबाईच्या मागं बसलेले बहीणभाऊ मोबाईलवर लग्नपत्रिकेच्या फाईली ताडून बघत होते.

“दादा, तुझी अन् माझी जुळवली. पण अप्पांना जाऊन वर्ष झालं, तरी ह्या तिसरीत त्यांच्या नावाआधी ‘लिंगैक्य’ न्हाई.”

“लिहायचं राहिलं आसंल.”

“काढून टाकलंय. अन् निमंत्रक म्हणून तुझ्या जागी अप्पाच हायेत.”

“कोणी पाठवली?”

“सकाळी अप्पांच्या मोबाईलवरून आली.”

“त्यो तर मी माझ्या हातानं समाधीत त्यांच्या मांडीवर ठेवला.”

“व्हय. म्हणून तर विचारायलेय, छापायला कोणती देऊ?”

पारूबाईला मागं वळून बघवेना. लातूर आलं, तसा भाऊ पिशवी घेऊन उठला.

“अप्पांचीच दे.”